आज्जीच्या गळ्यातली सवत

रविवार, २ नोव्हेंबर

नाही घालणार. नाही म्हणजे नाही!

सगळं छान चाललं होतं. अनिलकुमारच्या आईनं, तुंगाबाईंनी, चहाचं कौतुक केलं, आई चिवड्याची बशी सारखी पुढं सरकवत होती, अनिलकुमार माझ्याकडे बघून हसला. हसतो बरा. चामराजपेटला कापडाचं दुकान, वर घर, बायको तीन वर्षांपूर्वी वारली, मूलबाळ नाही. मी छत्तिशीची. 'आता तुला बिजवरच मिळणार' हे आईनं माझ्याकडून घोकवूनच घेतलंय, त्यामुळे त्याचं मला काही वाटत नाही. आणि माणूस मला आवडलाय. लिहून टाकते एकदा. उन्हाळ्यापासून दर शनिवारी आम्ही बसवनगुडीला दोसा खातोय, आणि मी शुक्रवारीच ठरवून ठेवते काय घालायचं ते. या वयात!

उठता उठता तुंगाबाई म्हणाल्या, "एक स्वल्प गोष्ट सांगायची राहिलीच. हेमावतीचा टाक करून घेऊ. तू गळ्यात घालायचास. आमच्यात असतं तसं."

हेमावती म्हणजे ती वारलेली. टाक म्हणजे चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. दुसरेपणाच्या बायकोनं पहिलीचा टाक मंगळसूत्राशेजारी बाळगायचा. नवी साडी आधी तिला, गोडधोड आधी तिला. म्हणजे मग मेलेली सवत रागावत नाही म्हणे.

मला हे कुणी समजावून सांगायला नको. आमच्या आज्जीच्या गळ्यात होती की एक!

सोमवार, ३ नोव्हेंबर

अनिलचा मेसेज. "अम्मासाठी फक्त. लग्नाच्या दिवशी घाल, नंतर कपाटात टाक." कपाटात टाकायचा तर करायचाच कशाला?

बुधवार, ५ नोव्हेंबर

ऑफिसात दिवसभर आज्जीच डोक्यात. या महिन्यात तिला जाऊन वर्ष होईल. सगळे तिच्याबद्दल गोड गोड बोलतील. पानावर तरी खरं लिहिते.

आज्जी — चंपाबाई — निपाणीजवळच्या खेड्यातली. चौदाव्या वर्षी आजोबांना, मल्लाप्पांना, दुसरेपणाची दिली. पहिली विहिरीत पडून मेली होती. मला लहानपणापासून एवढंच ठाऊक. आज्जी तिचं नाव कधी घ्यायची नाही. 'ती' म्हणायची, बस्स.

उभा जन्म तंबाखूत गेला. सकाळी शेतात, दुपारी वखारीत. हाताला तो वास कायमचा. आंघोळ करून आली तरी शिंक यायची. माया वगैरे शोधावी लागायची. माझी वेणी घालताना केस असे ओढायची की डोळ्यांत टचकन पाणी! "केस हाईत म्हणून वडतो," म्हणायची. तिकडे बायकासुद्धा मी आलो, मी गेलो असंच बोलतात. लग्नानंतर ती माहेरी एकदाही गेली नाही. भाऊ न्यायला आला, तर त्याला म्हणे उंबऱ्याबाहेर तांब्याभर ताक देऊन परत लावला. असली बाई.

आणि जेवण! सुट्टीत आम्ही गावी गेलो की तो तमाशा रोज दोनदा. सगळ्यांची ताटं वाढून झाली, की आज्जी चुलीपासून उठून यायची. आजोबांच्या ताटासमोर बसायची — बरोब्बर समोर. गळ्यातला टाक काढून पाटावर ठेवायची. भाकरीचा तुकडा मोडायची, कालवणात बुडवायची, टाकापुढे ठेवायची. मग पाणी शिंपडायची. मग नुसती बसून राहायची. तोवर कुणी घासाला हात लावायचा नाही. पणजीसुद्धा नाही, म्हणजे आजोबांची आई — शंभरीला टेकलेली, दात नसलेली, ती पण तोंड मिटून बसायची. आजोबांची मान खाली. भाकरी गार, पोटात कावळे. मी एकदा घास उचलला तर आज्जीनं मनगट धरलं.

"थांब. तिचं झालं न्हाई अजून."

मी मेलेल्या बाईचा किती राग राग केलाय!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

कालचं अर्धंच राहिलं. आजोबा गेले तेही लिहायला हवं, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दहा वर्षांची असेन.

आजोबा खाटेवर. घसा कोरडा पडलेला. "पाणी," म्हणाले. आज्जीनं वाटी भरून आणली. अप्पांना (माझे वडील, तेव्हा होते ते) वाटलं, आता पाजेल. तिनं टाक काढला. बोट बुडवून एक थेंब त्याच्यावर सोडला. पदरानं पुसला. परत एक थेंब. परत पुसला. आजोबांचे डोळे वाटीवर. "चंपे, पाणी," असं अगदी लहान मुलासारखं म्हणाले. अप्पा वाटी घ्यायला पुढं झाले, तर ही म्हणते, "थांबा. तिचं झालं न्हाई अजून."

तिचं होईतोवर आजोबा गेले.

रडली नाही. वाटीतलं पाणी नेऊन परड्यात कढीपत्त्याला ओतलं. मरणारा माणूस पाणी मागतोय आणि ही पत्र्याचे लाड करतेय! यापुढे अंधश्रद्धा जायची तरी कुठे? मी पुढे शाळेत या विषयावर निबंध लिहिला, बक्षीस मिळालं. आज्जीचं नाव घातलं नव्हतं, एवढी दया केली.

रविवार, ९ नोव्हेंबर

चामराजपेटला त्यांचं घर बघून आले. खाली दुकान, वर तीन खोल्या, त्याच्या वर गच्ची. जिना उभा आणि अंधारा. अनिलची बहीण दिव्यश्री मला घेऊन वर निघाली. चांगली आहे मुलगी, बडबडी. म्हणाली, "जपून हं, हेमावैनी इथनंच पडल्या" — आणि खालून तुंगाबाईंनी हाक मारली तशी पळालीच. गच्चीवर तुळस आहे. वाळलेली.

घर मला आवडलं. खोटं कशाला लिहू? स्वयंपाकघरात उभी राहून मी मनातल्या मनात डबेसुद्धा लावले.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज दोसा खाताना धीर करून विचारलं, ती गेली कशानं. "डेंग्यू," अनिल म्हणाला. "दोन दिवसांत आटपलं." मग लगेच चटणी मागवली. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण तीन वर्षं झाली आता. कोण किती रडणार?

पुढं म्हणाला, "प्रणिता, अम्मा हट्टी आहे. टाक नाही तर लग्न नाही म्हणते. माझ्यासाठी एवढं कर ना." आणि माझा हात धरला, भर हॉटेलात. मी हो म्हटलं. तिथंच विरघळले! घरी येईपर्यंत स्वतःला शिव्या घातल्या.

पण एक खोडी सुचलीय.

रविवार, १६ नोव्हेंबर

केली खोडी. आज्जीच्या स्टीलच्या डब्यात तो टाक तसाच पडून होता — ती गेल्यावर आईनं तिच्या चष्म्याबरोबर ठेवून दिलेला. घासून घासून त्यावरच्या बाईचं नाकतोंड सपाट झालंय. उचलला आणि थेट नागोजी सोनाराकडे. चामराजपेटला तुंगाबाईंनी सांगितलेलं दुकान. म्हटलं, ही चांदी आटवा आणि याचाच नवा टाक करा, हेमावतीच्या नावाचा.

नागोजी चष्म्यावरून बघायला लागला. "टाक मोडत नाहीत अक्का. नदीत सोडायचा असतो."

"इथं कुठली नदी? वृषभावती? त्या गटारात सोडू?"

"सरी," म्हणाला. घेतला.

मला एवढं हसू येत होतं! एका सवतीची दुसरी सवत. आज्जीला जन्मभर छळलं त्या बाईनं, पहिला घास खाल्ला, पहिलं लुगडं नेसली, तिच्या नवऱ्याच्या तोंडचं पाणीसुद्धा पळवलं. घाल आता आगीत! आज्जीला मोकळी केली मी. माझ्या बाराव्या वाढदिवसाचाही हिशेब चुकता झाला. अप्पा तेव्हा आज्जीला नुकतेच येलहंक्याला आमच्या घरी घेऊन आले होते. मी केक कापला, मैत्रिणी टाळ्या वाजवतायत, आणि आज्जीनं माझ्या तोंडाजवळचा तुकडा काढून टाकापुढे ठेवला. सगळ्या पोरी बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत माझं नाव 'भुताची नात'.

आईला सांगितलं नाही. आईला कशाचंही रडू येतं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

नवा टाक मिळाला. चकचकीत. त्यावरच्या बाईला आता नाक आहे, डोळे आहेत, कपाळावर मोठं कुंकू. बघत राहिले. उगीचच वाटलं, ही कुणासारखी तरी दिसते.

शनिवार, २९ नोव्हेंबर

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

आज आज्जीचं वर्षश्राद्ध. भटजी आवरून गेले. आईनं फोटोला हार घातला, पान वाढलं, आणि मला म्हणाली, "आत्याबाईंचा टाक आण गं डब्यातला. फोटोजवळ ठेवू. आज दोघींना एकत्र जेवू दे."

मी म्हटलं, "नाहीये तो. आटवला मी." आणि हसत हसत सगळं सांगितलं. खरंच हसत सांगितलं!

आईनं हातातली पळी खाली ठेवली. रडली नाही. हेच भयंकर. म्हणाली, "अगं, बहीण होती ती त्यांची."

"कोण?"

"बकुळा. टाकातली. आत्याबाईंची सख्खी थोरली बहीण. तुला ठाऊक नव्हतं? गावात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. तू कधी विचारलंस का?"

मी कधी विचारलं नव्हतं. सवत म्हटल्यावर विचारायचं काय?

मग आईनं सांगितलं. आज्जीनंच तिला सांगितलेलं, एकदाच, अप्पांचा जन्म झाला त्या खोलीत बसून. बकुळाची भाकरी करपली. तेवढ्यावरून सासूनं आणि मल्लाप्पांनी तिला तंबाखूच्या खोलीत कोंडली. अन्न नाही, पाणी नाही. आत तो तंबाखूचा खकाणा, घसा जळत असणार. बाहेर सगळे जेवत होते. ती आतून पाणी मागायची ते ऐकू यायचं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी कडी काढली, तशी ती धावत सुटली ती थेट विहिरीवर. पाणी प्यायला गेली का जीव द्यायला, ते तिचं तिलाच माहीत.

मी ओरडलेच. "आणि त्याच घरात आज्जीला दिली? आईबाप होते का कसाई?"

"दिली नाही गं. आत्याबाईंनीच मागून घेतलं. मल्लाप्पांना दुसरीकडची मुलगी ठरत होती. पंच बसले होते. तर ही चौदा वर्षांची पोर पुढं आली आणि म्हणाली, मला द्या तिथं. तिचा टाक माझ्या गळ्यात पडू दे. पंचांना वाटलं, काय शहाणी पोर! सोयरीक टिकली म्हणून बापानं पेढे वाटले. त्या बापाच्या दारात आत्याबाई परत गेल्या नाहीत."

रोज दोनदा. सासूसमोर, नवऱ्यासमोर. जिला घास दिला नाही तिला पहिला घास, आणि त्या दोघांनी हात आवरून बघत बसायचं. जन्मभर! आणि शेवटी पाणी.

मला आज्जीची भीती वाटली. मग तिचा अभिमान वाटला. आणि मी काय केलं? निबंध लिहिला. बक्षीस घेतलं. बकुळाला आगीत घातलं.

"फोटो नव्हता तिचा," आई म्हणाली. "तेवढाच होता."

रविवार, ३० नोव्हेंबर

अनिल म्हणाला डेंग्यू. दिव्यश्री म्हणाली जिना. दोन्ही मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि डबे लावत बसले होते.

रविवार, ७ डिसेंबर

आज त्यांच्याकडे जेवायला बोलावलं होतं, मला आणि आईला. टाक बांधायचा कार्यक्रम. आई म्हणत होती, फोनवर नाही सांगून मोकळी हो. मी म्हटलं, मला एकदा त्यांची तोंडं बघायची आहेत.

तुंगाबाईंनी हळदकुंकू लावून टाक काळ्या गोफात ओवला आणि माझ्या गळ्यात बांधला. "शोभतो," म्हणाल्या. पुरणपोळीचा बेत. ताटं वाढली. अनिल माझ्यासमोर. त्यानं मला डोळ्यांनी खूण केली — झालं बघ एकदाचं! मला अजूनही तो आवडत होता. तीच तर पंचाईत.

मी टाक गळ्यातून काढला. ताटापुढे ठेवला. पुरणपोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला, टाकापुढे ठेवला. पाणी शिंपडलं. हात आपोआप तसे चालले, कधी शिकले नव्हते तरी. तुंगाबाई खूश. "बघा, खेड्यातल्या वळणाची मुलगी!"

मी म्हटलं, "अम्मा, या कशानं गेल्या?"

"ताप," तुंगाबाई म्हणाल्या.

"जिन्यावरनं..." दिव्यश्री म्हणाली. दोघी एकदमच.

आत कुकरची वाफ सुटली. दिव्यश्री रडायला लागली. तुंगाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती तोंडात पदर कोंबून आत निघून गेली.

मी अनिलकडे बघितलं. म्हटलं, आता हा काहीतरी बोलेल. रागावेल, ओरडेल, सांगेल की ताप होता म्हणून चक्कर आली आणि पडली. मी विश्वास ठेवला असता. देवाशपथ ठेवला असता! त्यानं मान खाली घातली. मी ती मान ओळखते. लहानपणी सगळ्या सुट्ट्या ती मान बघत जेवलेय मी.

मग त्यानं हळूच पोळीला हात लावला. भूक लागली असेल.

"थांब," मी म्हटलं. "तिचं झालं नाही अजून."

त्याचा हात तसाच राहिला. किती वेळ बसवून ठेवलं मी त्यांना, ठाऊक नाही. तूप थिजलं. मग टाक उचलून गळ्यात घातला, आईचा हात धरला आणि खाली उतरले. जिना जपून उतरले.

मंगळवार, ९ डिसेंबर

तुंगाबाईंचा फोन. लग्न मोडलंस तर मोडलंस, टाक परत दे, आमच्या सुनेचा आहे. मी म्हटलं, चांदी आमची आहे. फोन ठेवला. मग खूप रडले. अनिलसाठीच रडले, उगाच मोठेपणा कशाला?

शनिवार, १३ डिसेंबर

शनिवार. कुठेच गेले नाही. आईनं घरीच दोसे केले. पहिला टाकापुढे ठेवला. आईनं विचारलं, "हा बकुळाला का हेमावतीला?" मी त्याच्या शेजारी अजून एक ठेवला.

रविवार, २१ डिसेंबर

सकाळी बेल वाजली. दारात एक मुलगी, तेवीस-चोवीसची, ऑफिसची बॅग खांद्याला. "मी अक्षरा. हेमावतीची धाकटी बहीण." आपल्या लोकांत त्या जेवणाची गोष्ट सगळीकडे झालीय म्हणे. पाणी दिलं, ते घटाघटा प्यायली. म्हणाली, "परवा तुंगाबाईंनी अनिलभावजींसाठी मला मागणी घातली. अप्पाअम्मा नको म्हणत होते. मीच हो म्हटलं."

मला वाटलं होतं, ती काही विचारायला आलीय. तिनं हात पुढं केला.

"तो टाक मला द्या अक्का. आणि जेवायला बसल्यावर कसं करायचं, ते नीट दाखवा."